छप्पर, वासा आणि एक सुनीत

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी पोटमाळ्यावर बसून होतो. खाली कुणाच्या तरी घराचा वासा पाण्यात वर-खाली होत चालला होता. एडना सेंट व्हिन्सेंट मिले या अमेरिकन कवयित्रीचं एक सुनीत मी त्याआधी कितीदा तरी वाचलं होतं. कळलं ते त्यानंतर.

‘फेटल इंटरव्ह्यू’ (१९३१) या तिच्या ५२ सुनीतांच्या मालिकेतलं हे ३०वं. प्रेमाची कथा सुनीतांच्या माळेतून सांगणं आपल्याला परकं नाही. माधव जूलियनांचे ‘तुटलेले दुवे’ (१९३८) आठवावेत. मिलेच्या या प्रेमकवितेत मात्र चंद्र नाही, फूल नाही. प्रेमाने काय भागत नाही, त्याचीच ती जंत्री देते: भूक, तहान, झोप, निवारा, मग बुडणाऱ्याच्या हाती लागणारं लाकूड, मग फुफ्फुस, रक्त, मोडलेलं हाड. मंदीच्या काळात, अन्नासाठी रांगा लागत असताना, हे निव्वळ अलंकार वाटले नसणार. बुडणाऱ्यांच्या ओळीत तर बुडण्या-वर येण्याची तीच क्रियापदं फिरून फिरून येतात. ओळच गटांगळ्या खाते.

मग कलाटणी. केवळ प्रेम नाही म्हणून माणसं मरणाशी सलगी करतात, हेही ती नोंदवते आणि थेट ‘तू’कडे वळते. वेदना असह्य झाली, उपासमार आली, तर तुझं प्रेम, या रात्रीची आठवण मी विकूनही टाकीन, अशी शक्यता ती मान्य करते. शेवटच्या ओळीत ती शक्यता पुन्हा एकदा कबूल करून, तसं करीन असं वाटत नाही, एवढंच म्हणते. शेवटचं यमकही पुरतं बसत नाही: ‘फूड’ दीर्घ, ‘वुड’ ऱ्हस्व. ‘छंदोरचना’कार जूलियनांच्या कानाला ते खटकलं असतं!

काहींना हा शेवट कचखाऊ वाटतो. मला नाही. सौद्याची किंमत तिने स्वतःच मोजून पुढे ठेवली आहे. त्यानंतर शपथ घेणं फार स्वस्त झालं असतं.

पूर ओसरल्यावर आम्ही काही दिवस पोलादपूरला मेव्हण्यांकडे होतो. परत आलो तेव्हा ओटीवर घोटाभर चिखल, तांदळाच्या पिंपात पाणी. ‘इथंच राहायचं का?’ मी विचारलं. बायको खराटा शोधत होती. म्हणाली, ‘राहू, असं वाटतंय.’