हँडिकॅप (गोल्फ)

गोल्फ या खेळात हौशी खेळाडूच्या कौशल्याची पातळी दर्शविणाऱ्या अंकास हँडिकॅप असे म्हणतात. वेगवेगळ्या पातळीच्या खेळाडूंना एकमेकांविरुद्ध बरोबरीने खेळता यावे, हा या अंकाचा मूळ उद्देश आहे. कमी कुशल खेळाडूस त्याच्या हँडिकॅपच्या प्रमाणात काही फटक्यांची सवलत मिळते. अंक जितका लहान तितका खेळ चांगला. व्यावसायिक खेळाडूची प्रगती स्पर्धांच्या निकालांवरून आणि मिळालेल्या बक्षिसांवरून कळते. हौशी खेळाडूस असे बाह्य माप नसल्यामुळे आपला खेळ गेल्या वर्षभरात सुधारला की नाही, हे तो बहुधा हँडिकॅपवरूनच ठरवितो. मात्र हा अंक त्या कामासाठी तयार केलेला नाही. त्याची रचना समजून न घेता दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यास निष्कर्ष चुकण्याची शक्यता बरीच असते.

इतिहास

'हँडिकॅप' हा शब्द 'हँड इन कॅप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या इंग्लिश पैजेच्या खेळातून आला. तो प्रथम घोड्यांच्या शर्यतीत आणि नंतर इतर खेळांत रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील गोल्फ क्लब आपापल्या पद्धतीने हँडिकॅप ठरवीत, त्यामुळे एका क्लबातील अंकाला दुसऱ्या क्लबात फारसा अर्थ नसे. अनेक क्लबांत चालेल अशी एकसारखी पद्धत घडविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात इ.स. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या लेडीज गोल्फ युनियनला आणि तिच्या सचिव इसेट पिअर्सन यांना दिले जाते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी लेटन कॅल्किन्स यांनी खेळाडूच्या सर्वोत्तम तीन फेऱ्यांच्या सरासरीवर आधारित पद्धत मांडली. खेळाडूच्या सर्व फेऱ्या विचारात न घेता केवळ चांगल्या फेऱ्या मोजण्याची ही कल्पना आजतागायत टिकून आहे.

मैदानांच्या अवघडपणातील फरक मोजणारे 'स्लोप रेटिंग' डीन नूथ यांच्या कामातून पुढे आले आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने ते इ.स. १९८७ पासून देशभर लागू केले. जगात तोवर सहा वेगवेगळ्या प्रमुख हँडिकॅप पद्धती अस्तित्वात आल्या होत्या. त्यांच्या जागी इ.स. २०२० मध्ये ही असोसिएशन आणि आर अँड ए या संस्थांनी मिळून जागतिक हँडिकॅप पद्धत सुरू केली. जुन्या अमेरिकी पद्धतीत शेवटच्या वीसपैकी सर्वोत्तम दहा फेऱ्यांची सरासरी काढून तिला ०.९६ ने गुणले जाई, तर नव्या पद्धतीत सर्वोत्तम आठांची साधी सरासरी घेतली जाते. त्यामुळे या संक्रमणाच्या काळात अनेकांचा अंक खेळात काहीही फरक न पडता बदलला.

गणनेची पद्धत

प्रत्येक मैदानास दोन अंक दिलेले असतात. 'कोर्स रेटिंग' म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, अर्थात 'स्क्रॅच' खेळाडूस सामान्य परिस्थितीत तेथे लागणाऱ्या फटक्यांची अपेक्षित संख्या. 'स्लोप रेटिंग' हे स्क्रॅच खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूस ते मैदान किती अधिक अवघड जाते, हे सांगते. स्लोप रेटिंग ५५ ते १५५ या मर्यादेत असते आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. हे अंक मैदानातील प्रत्येक टी-साठी वेगळे असतात. म्हणून पुढच्या टीवरून खेळून कमी फटक्यांत फेरी पूर्ण केली, तर ती आपोआप चांगली ठरत नाही.

प्रत्येक फेरीनंतर एक 'स्कोअर डिफरन्शियल' काढला जातो. या लेखात यापुढे त्यास फरकांक म्हटले आहे.

फरकांक = (११३ ÷ स्लोप रेटिंग) × (समायोजित फटकेसंख्या − कोर्स रेटिंग − त्या दिवसाच्या परिस्थितीची दुरुस्ती)

उदाहरणार्थ, कोर्स रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८ असलेल्या मैदानावर ९२ फटके लागले, तर फरकांक १८.४ येतो. कोर्स रेटिंग ६७.४ आणि स्लोप ११२ असलेल्या सोप्या मैदानावर ८८ फटके लागल्यास तो २०.८ येतो. म्हणजे चार फटके अधिक लागूनही पहिली फेरी सरस ठरते. वर्षभरात खेळाडूने मैदान बदलले असेल, तर केवळ फटक्यांच्या सरासरीची तुलना का निरर्थक असते, हे यावरून स्पष्ट होते.

शेवटच्या वीस फेऱ्यांच्या फरकांकांपैकी सर्वांत कमी आठांची सरासरी म्हणजे 'हँडिकॅप निर्देशांक'. त्याची कमाल मर्यादा ५४.० आहे. नवोदितास तीन फेऱ्यांनंतर निर्देशांक मिळू शकतो. तेव्हा सर्वांत कमी फरकांकातून २.० वजा केले जातात आणि फेऱ्या वाढत जातात तशी मोजण्याची रीतही पायरीपायरीने बदलते. परिणामी पहिल्या वर्षातील चढउतारांत काही भाग खेळाचा आणि काही भाग नियमांचा असतो.

निर्देशांक काय सांगतो, काय लपवितो

निर्देशांक हा खेळाडूची सरासरी कामगिरी नव्हे, तर त्याची क्षमता दर्शवितो. वीसपैकी वाईट बारा फेऱ्या त्यात धरल्याच जात नाहीत. म्हणूनच आपल्या निर्देशांकाइतका किंवा त्याहून चांगला खेळ साधारणतः चार-पाच फेऱ्यांतून एखाद्या वेळीच होतो. ही बाब ठाऊक नसलेला खेळाडू उरलेल्या फेऱ्यांनंतर आपला खेळ बिघडल्याचे मानून विनाकारण निराश होतो.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. फरकांक सरासरीच्या दोन्ही बाजूंस घंटाकृती वक्राप्रमाणे पसरलेले असतील, तर सर्वोत्तम आठांची सरासरी ही एकूण सरासरीहून जवळपास एका प्रमाण विचलनाइतकी कमी असते. समजा, एका खेळाडूच्या गतवर्षीच्या फरकांकांची सरासरी २२ आणि प्रमाण विचलन ३ होते. त्याचा निर्देशांक सुमारे १९ येईल. यंदा त्याने जोखमीचे फटके मारण्यास सुरुवात केली. सरासरी २२.५ झाली आणि विचलन ४.५ झाले, तर निर्देशांक सुमारे १८ येईल. सरासरी फेरी अर्ध्या फटक्याने बिघडली, पण निर्देशांक मात्र एकाने सुधारला. याउलट बेभरवशाचा खेळ सोडून सातत्य मिळविणाऱ्या खेळाडूचा निर्देशांक जागीच राहू शकतो किंवा किंचित वाढूही शकतो. क्लबमधील चर्चांत सातत्याचे कौतुक होते, पण निर्देशांकाच्या हिशेबात ते उतरत नाही.

एकाच होलवर झालेली पडझडही त्यात पुरेशी दिसत नाही. हँडिकॅपसाठी कोणत्याही होलवर धरावयाच्या फटक्यांना 'निव्वळ डबल बोगी' ही मर्यादा आहे. तिचा अर्थ पार अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारी सवलत असा होतो. पार चारच्या होलवर एका फटक्याची सवलत असलेल्या खेळाडूस प्रत्यक्षात अकरा फटके लागले, तरी सातच नोंदले जातात. अशी अकरा-बारा फटक्यांची होल टाळण्यास जो शिकला, त्याने खरी प्रगती केलेली असते. परंतु निर्देशांकात तिचा थोडाच अंश उतरतो.

घसरण होत असल्यास निर्देशांक तीही पूर्ण दाखवीत नाही. वीस फेऱ्यांची नोंद असलेल्या खेळाडूचा मागील ३६५ दिवसांतील सर्वांत कमी निर्देशांक स्वतंत्रपणे लक्षात ठेवला जातो. नवा निर्देशांक त्याहून ३.० पेक्षा अधिक वाढू लागला, तर पुढील वाढ निम्मीच धरली जाते आणि ५.० च्या पलीकडे ती थांबविली जाते. वर्षातील नीचांक १४.० असताना नवी गणना १९.० आली, तर नोंद १८.० ची होते. गणना २१.० आली काय किंवा २४.० आली काय, नोंद १९.० चीच राहते. उलट दिशेने अशी अडवणूक नाही. एखादी फेरी निर्देशांकापेक्षा ७.० ते ९.९ ने सरस ठरली तर निर्देशांक आणखी १.० ने, आणि १०.० किंवा अधिकने सरस ठरली तर २.० ने उतरविला जातो. फटक्यांची सवलत वाढवून बक्षिसे लुटण्यासाठी मुद्दाम वाईट खेळणाऱ्यांना आळा बसावा, हा या नियमांमागील हेतू आहे. न्याय्य स्पर्धेच्या दृष्टीने तो रास्तच आहे, पण प्रगती मोजण्याचे साधन म्हणून निर्देशांक त्यामुळे एका बाजूस झुकतो. केवळ चांगल्या फेऱ्यांची नोंद करणाऱ्या, किंवा जवळचा चेंडू होलमध्ये न टाकताच 'गेला' असे धरणाऱ्या खेळाडूचा अंक तर आणखीच फसवा असतो.

एका वर्षाची तुलना

निर्देशांकास दिनदर्शिका कळत नाही, त्याला फेऱ्याच कळतात. वर्षातून वीस फेऱ्या खेळणाऱ्याचा निर्देशांक संपूर्ण वर्षाचे चित्र असते, तर ऐंशी फेऱ्या खेळणाऱ्याचा केवळ शेवटच्या तीनेक महिन्यांचे. म्हणून वर्षारंभीचा आणि वर्षाअखेरचा निर्देशांक यांची वजाबाकी करण्यापेक्षा दोन्ही वर्षांतील सर्व फेऱ्यांचे फरकांक घेऊन त्यांची सरासरी, मध्यक आणि पसारा पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. ही माहिती खेळाडूच्या हँडिकॅप नोंदीत मुळातच असते.

येथेही योगायोगाचा वाटा मोठा आहे. फरकांकांचे प्रमाण विचलन ३.५ असेल आणि दोन्ही वर्षांत वीस-वीस फेऱ्या झाल्या असतील, तर दोन सरासऱ्यांमधील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.१ येते. म्हणजे दोन फटक्यांहून कमी सुधारणा दिसली, तर ती निव्वळ योगायोगानेही घडलेली असू शकते. वर्षाला पन्नास फेऱ्या असल्यास ही त्रुटी ०.७ पर्यंत खाली येते. बहुतेक हौशी खेळाडूंच्या बाबतीत 'यंदा एका फटक्याने सुधारलो' या विधानास आकड्यांचा आधार नसतो. त्याचप्रमाणे 'एका फटक्याने बिघडलो' यालाही नसतो.

सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती हे आणखी एक कारण आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना ही प्रवृत्ती दाखवून दिली. खेळाडू बहुधा सलग वाईट फेऱ्यांनंतरच प्रशिक्षकाकडे जातो किंवा नवा ड्रायव्हर विकत घेतो. त्यानंतरच्या फेऱ्या काहीही न करता सुद्धा बऱ्या झाल्या असत्या. त्याचे श्रेय शिकवणीला अथवा नव्या साहित्याला मिळते, आणि गोल्फच्या साहित्याचा व्यापार काही अंशी या गैरसमजावरच चालतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

फटक्यांचे विश्लेषण

हँडिकॅपवरून खेळ सुधारला की नाही याचा अंदाज येतो, परंतु खेळाचा कोणता भाग सुधारला हे कळत नाही. त्यासाठी कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी विकसित केलेली 'स्ट्रोक्स गेन्ड' ही पद्धत वापरली जाते. पीजीए टूरने इ.स. २०११ मध्ये पटिंगसाठी तिचा स्वीकार केला. या पद्धतीत प्रत्येक ठिकाणाहून चेंडू होलमध्ये जाण्यास सरासरी किती फटके लागतात, हे प्रथम ठरविले जाते. पीजीए टूरवरील खेळाडूस आठ फुटांवरून सरासरी १.५ फटके लागतात. तेथून एका फटक्यात चेंडू गेला, तर खेळाडूने अर्धा फटका कमावला. चेंडू हुकून होलच्या काठाशी थांबला, तर अर्धा फटका गमावला.

ब्रॉडी यांच्या अभ्यासाने एका जुन्या समजुतीस धक्का दिला. सामने पटिंगवर जिंकले जातात, असे गोल्फमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. परंतु चांगले आणि सामान्य खेळाडू यांच्या फटकेसंख्येतील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो, असे त्यांना आढळले. फेरीत प्रत्यक्ष किती पट लागले ही संख्याही दिशाभूल करणारी असते. ग्रीनवर दुरून चेंडू अचूक आणू लागलेल्या खेळाडूस लांबचे पट अधिक वेळा खेळावे लागतात. त्यामुळे खेळ सुधारत असताना पटांची संख्या वाढलेली दिसू शकते.

भारतात

भारतात हौशी गोल्फचे नियमन इंडियन गोल्फ युनियन करते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक आदी ठिकाणी गोल्फ मैदाने आहेत. येथील खेळाडूंच्या बाबतीत वर्षाची तुलना करताना पावसाळ्याचा विचार करावा लागतो. ओल्या फेअरवेवर चेंडू पडल्यावर फारसा घरंगळत नाही, त्यामुळे ड्राइव्हची लांबी घटते. रफमधील गवत वाढते आणि ग्रीन संथ होतात. अशा वेळी चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवण्याची मुभा देणारा स्थानिक नियम लागू केला जातो. त्या दिवशीच्या परिस्थितीची दुरुस्ती −१.० ते +३.० या मर्यादेत आपोआप होते, पण त्यासाठी ३६.० किंवा त्याहून कमी निर्देशांक असलेल्या किमान आठ खेळाडूंच्या फेऱ्या त्या दिवशी नोंदलेल्या असाव्या लागतात. मुसळधार पावसाच्या दिवशी मोजक्याच चौघांनी फेरी पूर्ण केली, तर दुरुस्ती होतच नाही. त्यामुळे जुलैमधील निर्देशांकाची जानेवारीतील निर्देशांकाशी तुलना न करता मागील वर्षाच्या जुलैशीच ती करणे योग्य ठरते.