निम्म्या पगाराचं एक वर्ष

अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानात गोळ्यांची स्ट्रिप क्वचितच मिळते. मोठ्या डब्यातल्या सुट्या गोळ्या मोजून, रुग्णाच्या नावाचं लेबल लावलेल्या बाटलीत भरून दिल्या जातात. हे मोजण्या-भरण्याचं काम आता बरंचसं टेक्निशियन आणि यंत्रं करतात. मग सहा ते आठ वर्षं शिकून फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) झालेल्या फार्मासिस्टने काउंटरमागे करायचं काय?

याचं एक उत्तर तिथल्या कम्युनिटी फार्मसी रेसिडेन्सीत सापडतं. पदवीनंतरचं हे वर्षभराचं प्रशिक्षण सक्तीचं नाही. परवाना मिळाला की साखळी दुकानात थेट नोकरी करता येते आणि रेसिडेंटचा पगार तिथल्या पगाराच्या जेमतेम निम्मा. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असताना हा सौदा उघड तोट्याचा दिसतो.

पण त्या वर्षात शिकायला मिळतं ते गल्ल्यावर उभं राहून येत नाही. एकाच रुग्णाला तीन डॉक्टरांनी दिलेल्या औषधांची छाननी, रक्तदाब-मधुमेहाचा पाठपुरावा, लसीकरण, विद्यार्थ्यांना शिकवणं. शिवाय दुकानात एखादी नवी सेवा सुरू करून तिचा उपयोग झाला का, हे आकडेवारीनिशी तपासायचं.

अशा सेवेचा उपयोग होतो, हे नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल शहराने दाखवलं. १९९०च्या दशकात तिथल्या नगरपालिकेने मधुमेही कर्मचाऱ्यांना फार्मासिस्टकडे नियमित पाठवायला सुरुवात केली. फार्मासिस्टला भेटीचे पैसे मिळत, कर्मचाऱ्यांना औषधखर्चात सवलत. औषधांवरचा खर्च वाढला, पण साखर आटोक्यात आली आणि एकूण वैद्यकीय खर्च दर रुग्णामागे वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरनी घटला.

रेसिडेन्सी केलेले काही जण साखळी दुकानांत अशा सेवांचे प्रमुख होतात, काही स्वतःचं दुकान काढतात. बरेच मात्र विद्यापीठात प्राध्यापक होतात किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात रुजू होतात. दुकानासाठी घडवलेला माणूस दुकानाबाहेर पडतो, याचा दोष प्रशिक्षणाला देता येणार नाही. अडचण पैशांची आहे: ज्येष्ठांच्या सरकारी मेडिकेअर विम्यात डॉक्टरला तपासणीची फी मिळते, पण अशी फी मिळणाऱ्यांच्या यादीत फार्मासिस्टला स्वतंत्र स्थान नाही. लस टोचण्याचे पैसे मिळतात. अर्धा तास बसून औषधं समजावून सांगितल्याचे बहुधा नाहीत. वॉशिंग्टन राज्याने २०१५मध्ये कायदा करून खासगी विमा कंपन्यांना फार्मासिस्टच्या सेवेची दखल घ्यायला लावली, पण सगळीकडे तसं नाही.

भारतात फार्म.डी. २००८मध्ये आली. सहाव्या वर्षी इंटर्नशिप असते: सहा महिने जनरल मेडिसिन, मग इतर तीन विभागांत दोन-दोन महिने. सगळं रुग्णालयात. नाक्यावरचं मेडिकल त्या वेळापत्रकात नाही. तिथे काउंटर सांभाळायला दोन वर्षांची डी.फार्म. आणि नोंदणी पुरते.