तीस मीटरचा हिशोब

रेक्टरचा लेख दिसला की निम्मी पोरं पान उलटणार हे मला ठाऊक आहे. मीही याच हॉस्टेलला चार वर्षं काढली आहेत. पण थांबा, हा लेख शिस्तीवर नाही, गाडीवर आहे.

झालं असं की, गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मेसच्या कट्ट्यावर वाद रंगला होता. विषय: सिग्नल सुटल्यावर कोणाची गाडी आधी निघते. वाद मिटवायला दोघं जण थेट पुणे-बंगळूर हायवेवर गेले. त्यातला एक सध्या हाताला प्लॅस्टर घालून प्रॅक्टिकलला येतो, जर्नल त्याचा पार्टनर लिहितो. त्याला मी रागावलो ते रागावलोच. पण मग विचारलं, "लेका, कोण जिंकलं?" तर म्हणाला, "सर, कळलंच नाही. अंधार होता." म्हणजे हात मोडला आणि रीडिंग नाही! इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे करावं?

त्या वादाचं उत्तर मी २०१६ साली, थर्ड इयरला असताना, आपल्याच मैदानावर शोधलं होतं. ते आता सांगतो.

पिथमपूरला भरणारी बाहा एसएईइंडिया स्पर्धा बहुतेकांना माहीत असेल. २००७ पासून पोरं स्वतः बांधलेल्या एका माणसाच्या गाड्या घेऊन तिकडे जातात. त्यात अ‍ॅक्सिलरेशन नावाचा एक प्रकार असतो. उभ्या गाडीने निघायचं आणि १०० फूट, म्हणजे साडेतीस मीटर, कमीत कमी वेळात कापायचं. ड्रॅग रेसचं हे धाकटं भावंड. खरी ड्रॅग पाव मैलाची, ४०२ मीटरची. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ व्हायची, ती त्यातली. पण तिथे ज्याचा खिसा मोठा त्याचं इंजिन मोठं. आमच्या वेळी बाहात सगळ्यांना इंजिन एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं. इंजिनाला हात लावायचा नाही. मग एकाची गाडी पुढे आणि दुसऱ्याची मागे का? उरतं काय तर गियर, टायर, वजन आणि चालवणाऱ्याचा डावा पाय.

आमच्या गाडीला महिंद्रा अल्फाचा गियरबॉक्स होता. होय, तीच मालवाहू तीनचाकी. तेव्हा बऱ्याच टीम तोच वापरायच्या, कारण स्वस्त आणि चिवट. त्याचे एकूण रेशो असे: पहिला ३१.४८, दुसरा १८.७०, तिसरा ११.४० आणि चौथा ७.३५. पोतीच्या पोती घेऊन चढ चढायला बनवलेला पहिला गियर आहे तो, शर्यतीसाठी नाही. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

सुरुवातीला ड्रायव्हर मी होतो. पद्धत एकच: पहिला टाकायचा, रेस पिळायची आणि क्लच फटकन सोडायचा. मागे मातीचं कारंजं उडायचं, पोरं शिट्ट्या मारायची, मला वाटायचं काय गाडी सुटली! घड्याळ म्हणायचं ५.६ सेकंद.

घड्याळाचीही एक गंमत आहे. आधी आम्ही मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्यायचो. एकाच रनला तिघांच्या तीन वेळा, फरक ०.३ सेकंदापर्यंत. जी सुधारणा शोधायची तीच मुळी अर्ध्या सेकंदाची, आणि मोजण्यातला गोंधळ ०.३ चा! शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघांनी सुरुवातीला आणि शेवटी एकेक इन्फ्रारेड सेन्सर लावून दिला. आमची पहिली खरी प्रगती ती. त्याआधीचे सगळे आकडे मी वहीतून खोडून टाकले.

तेव्हाच मी दोन दिवस साताऱ्याला घरी गेलो होतो. माझ्या मामाकडे शर्यतीचे बैल. २०१४ च्या बंदीमुळे मैदानं बंद होती (ती पुन्हा सुरू झाली डिसेंबर २०२१ मध्ये), त्यामुळे बैल गोठ्यात आणि मामा ओट्यावर. मी मोबाइलवर आमच्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. मामाने तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, "आरं, ही तर जाग्यावरच माती उकरतीय. सुटताना बैलाला चाबूक हाणला तर खूर घसरतोय. आधी पाय रोवू द्यावा लागतोय."

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागे हिशोब मांडला. तो तुम्हीही मांडून बघा, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सपलीकडे काही नाही. इंजिनाचा टॉर्क साधारण १९ न्यूटन-मीटर. तो रेशोने गुणायचा, वाटेतलं नुकसान १५ टक्के धरायचं आणि चाकाच्या त्रिज्येने, आमच्याकडे ०.२८ मीटरने, भागायचं. पहिल्या गियरला चाकापाशी जोर येतो सुमारे १८०० न्यूटन. दुसऱ्याला सुमारे १०८०.

आता माती किती जोर घेईल? गाडी १८५ किलो, मी ८२, एकूण २६७. त्यातले मागच्या चाकांवर उभ्या उभ्या १५५ किलो. गाडी उसळी घेते तेव्हा भार मागे सरकतो, म्हणूनच आपण सीटमध्ये रुततो. आमच्या गाडीची उंची आणि लांबी धरून सुमारे ४० किलो भार मागे येत होता. म्हणजे १९५ किलो. आमच्या मैदानाच्या मातीला घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर पकड मिळते सुमारे ११५० न्यूटन. बस्स. त्याच्या वरचा जोर गाडीला ढकलत नाही, माती उडवतो. शिवाय चाक एकदा घसरायला लागलं की पकड आणखी कमी होते. पहिल्या गियरचे साडेसहाशे न्यूटन आम्ही कारंजासाठी खर्च करत होतो. आणि दुसऱ्या गियरचा जोर पकडीच्या जेमतेम खाली बसत होता, जणू मापाने शिवलाय!

शिवाय दुसरा एक तोटा आहे. इंजिन ३८०० आरपीएमला थांबतं. पहिल्या गियरमध्ये तिथे पोचता तेव्हा वेग असतो ताशी जेमतेम १३ किलोमीटर, म्हणजे दोनेक मीटरवरच गियर बदलायची वेळ. दुसरा २१ पर्यंत जातो, तिसरा ३५. प्रत्येक बदलात माझा अर्धा सेकंद जायचा आणि तेवढा वेळ गाडीला कोणी ढकलत नसतं. पाच सेकंदांच्या शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी थेट दुसऱ्या गियरवर सुटलो. आवाज मेलेला, माती उडेना, शिट्ट्या बंद. एक जण म्हणाला, "आयला, इंजिन बसलं वाटतं." सेन्सर म्हणाला ५.१. दहा रन केले आणि सरासरी ५.० आली.

इथे डाव्या पायाचं काम येतं. दुसऱ्यावर सुटायचं तर रेस २८०० च्या आसपास धरून, क्लच पकडायला लागला की तिथे क्षणभर रोखून मग सोडायचा. लवकर सोडला तर इंजिन बंद. उगाच धरून ठेवला तर प्लेट जळते, आणि तो वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखता येतो. तीसेक रन झाल्यावर जमायला लागलं. मागच्या टायरची हवाही थोडी उतरवली. टायर मातीवर जास्त पसरतो. फार उतरवू नका, वळणावर रिमवरून सुटतो.

मग माझ्या हातून घोळ झाला. पिथमपूरला निघायला अकरा दिवस होते. मैदान पावसाने ओलं, म्हणून मी रात्री वर्कशॉपसमोरच्या डांबरी रस्त्यावर सराव करायचं ठरवलं. आणि सवयीने क्लच फटकन सोडला. खाडकन आवाज आला आणि मागचा शाफ्ट दोन तुकडे.

कारण नंतर उमगलं. मातीवर चाक घसरतं, तो आपला फ्यूज. झटका कितीही द्या, पकडीपेक्षा जास्त जोर शाफ्टपर्यंत पोचत नाही. डांबराची पकड मातीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त. फिरत्या फ्लायव्हीलचा झटका घसरण्यात जिरेना, तो सगळा शाफ्टने खाल्ला. कुपवाड एमआयडीसीतल्या टर्नरमामांनी तुकडा हातात घेऊन फक्त खाचेचा कोपरा दाखवला. "ह्यो कोपरा सुरीसारखा ठेवलाय कुणी? इथनंच तडकणार की." ठेवला होता आम्हीच, ड्रॉइंगमध्ये. नव्या शाफ्टला त्यांनी तिथे गोलाई दिली. पैसे नव्हते. हॉस्टेलच्या तिन्ही ब्लॉकमधून वीस-वीस रुपये जमा झाले, दोन मेसवाल्या मावशींनीही दिले. ती यादी अजून माझ्याकडे आहे.

आणि मग वजन. गाडीचं वजन उतरवायला आता वेळ नव्हता, उतरण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे मी. टीममध्ये सेकंड इयरची एक मुलगी होती, ५४ किलो. तिला बसवून बघितलं. सुटताना फारसा फरक नाही, कारण तिथे मर्यादा पकडीची असते आणि वजन घटलं की पकडही घटते. पण तिसऱ्या गियरमध्ये, जिथे जोर कमी पडतो, तिथे २८ किलो स्पष्ट जाणवले. सरासरी ४.८. ती म्हणाली, "दादा, गाडी तुम्ही बांधलीय, तुम्हीच बसा. मी नाही." दोन वर्षं मी त्या सीटसाठी राबलो होतो. त्या रात्री जेवलो नाही, खोटं कशाला सांगू. सकाळी सीट पुढे सरकवून तिच्या मापाने बोल्ट आवळले.

पिथमपूरला पट्टा आमच्या मैदानापेक्षा टणक वाटला. टीममध्ये लगेच फाटे फुटले: इथे पकड आहे, पहिला टाका. मी पुन्हा हिशोब केला. पकड चांगली असली तरी पहिल्यामुळे फार तर ०.३ सेकंद वाचतो, आणि वरच्या एका बदलात अर्धा जातो. दुसराच ठेवला. प्रत्येकी दोन संधी असतात. पहिल्या वेळी तिचं इंजिन बंद पडलं. दुसऱ्या वेळी ४.९. नंबर आला नाही, पण आमच्याच आदल्या वर्षीच्या गाडीपेक्षा आम्ही बरेच पुढे होतो.

आता रस्त्यावरच्या गाडीविषयी, कारण वाद त्यावरूनच झाला होता. मारुती ८०० सारखी गाडी पुढच्या चाकांवर ओढते. निघताना भार मागे सरकतो, म्हणजे ओढणारी चाकं हलकी होतात. तिथे रेस पिळून क्लच सोडणं बाहापेक्षाही वाईट. पाव मैलाला मात्र वरचे गियर महत्त्वाचे. शेवटच्या रेषेपाशी इंजिन ताकदीच्या टोकाजवळ असावं आणि तिथे नवा गियर टाकायची वेळ येऊ नये, असा रेशो निवडतात.

यंदाची टीम सीव्हीटी मागते आहे. तिच्यात गियर बदलायचा अर्धा सेकंद वाचतो आणि इंजिन ताकदीच्या जागी टिकतं, हे खरं. पट्टा काही ताकद खातो, हेही खरं. किंमत ऐकून प्राचार्य सरांनी चष्मा काढला. माझं म्हणणं, आधी जुन्या गाडीवर दहा रन घ्या आणि मग मागा.

ते दोन सेन्सर माझ्या खोलीतल्या कपाटात आहेत, अजून चालतात. शनिवारी संध्याकाळी पाचला मैदानावर लावणार आहे. बाईक आणा, स्कूटी आणा. हेल्मेट नसेल त्याने नुसतं बघायला यावं. प्लॅस्टरवाला वेळा लिहून घेणार आहे, डाव्या हाताने.