चिन्हं कुणाची?

माणसानं एकट्यानं बसून रचलेल्या भाषा आणि लिप्या हा माझा जुना नाद. एस्पेरान्तोसारखे अपवाद सोडले, तर अशा रचना बहुधा कर्त्याच्या खणातच मरतात. एका लिपीचं नशीब मात्र वेगळं निघालं. ती शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी वापरतील, मग देशांमधले गैरसमज मिटून युद्धं थांबतील, अशी तिच्या कर्त्याची खात्री होती. प्रत्यक्षात ती वापरली टोरांटोतल्या काही लहान मुलांनी, ज्यांना तोंडानं एक शब्दही धड उच्चारता येत नव्हता. कर्ता आधी हरखून गेला आणि पुढे त्या मुलांच्या शिक्षकांशीच भांडत बसला.

हे भांडण मी नादापायी वाचायला घेतलं. पण न बोलणाऱ्या मुलांचे आईवडील भेटले की 'याच्यासाठी काय आणू?' हा प्रश्न येतोच, आणि कार्डं घ्यावीत, अ‍ॅप घ्यावं की टॅबलेट, या गोंधळात विचारायला हवेत ते बहुतेक प्रश्न मला या जुन्या भांडणात सापडत गेले.

चार्ल्स ब्लिसचं जन्मनाव कार्ल ब्लिट्झ. जन्म १८९७ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या चेर्नोवित्स गावी. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. तिथे अनेक भाषांची आणि धर्मांची माणसं दाटीनं राहत आणि भाषेवरून एकमेकांचा द्वेष करत. वडील हरहुन्नरी कारागीर. त्यांच्याकडे विजेच्या मंडलाची आकृती पाहिली, तेव्हा कुठल्याही देशातल्या माणसाला वाचता येईल अशी ही भाषा आहे हे पोरानं ओळखलं. १९२२ साली त्यानं व्हिएन्नात रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि नंतर एका विद्युत कंपनीच्या पेटंट विभागात तो वरच्या पदावर पोहोचला. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली आणि हा ज्यू अभियंता आधी डाखाऊच्या आणि मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला.

त्याला सोडवलं बायकोनं. क्लेअर जर्मन कॅथलिक होती. तिनं खेटे घालून, अर्ज करून १९३९ साली त्याची सुटका करवली. तो इंग्लंडला पोहोचला. पुढच्या वर्षी जर्मन विमानं लंडनवर बाँब टाकू लागली आणि त्या हल्ल्यांना लोक त्याच्याच आडनावानं ओळखू लागले. म्हणून ब्लिट्झचा ब्लिस झाला. मग कॅनडा, जपान करत तो शांघायला गेला. दुसऱ्या वाटेनं क्लेअरही तिथे पोहोचली. जपान्यांनी ज्यू निर्वासितांना हाँगक्यूच्या वस्तीत कोंडलं, तेव्हा जर्मन म्हणून तिला बाहेर राहता आलं असतं. ती नवऱ्याबरोबर आत गेली.

शांघायमध्ये ब्लिसनं चिनी अक्षरं शिकायला घेतली. काही काळानं त्याच्या ध्यानात आलं, की वर्तमानपत्राचे मथळे आपण वाचतो खरे, पण चिनीत नव्हे, आपल्याच भाषेत वाचतो. चिन्हाचा अर्थ कळत होता आणि उच्चाराची गरज पडत नव्हती. तिथून तो आपली लिपी रचू लागला. १९४६ साली दोघं सिडनीला आली. तो अंगमेहनतीची कामं करी आणि रात्री लिही. १९४९ साली 'सेमँटोग्राफी' हा ग्रंथ निघाला. क्लेअरनं जगभरच्या विद्यापीठांना आणि शिक्षणतज्ज्ञांना सहा हजार पत्रं पाठवली. फारशी कुणी दाद दिली नाही. १९६१ मध्ये ती वारली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती तिच्याबद्दल, कारण पुढे जे घडलं ते पाहायला ती नव्हती.

लिपी कशी आहे तेवढं सांगायला हवं. शंभराच्या आसपास मूळ आकार आहेत. लाटेसारखी रेघ म्हणजे पाणी, तिच्यासोबत खाली जाणारा बाण आला की पाऊस. हृदय म्हणजे भावना. हृदयाला वर जाणारा बाण जोडला की आनंद, खाली जाणारा जोडला की दुःख. चिन्हाच्या डोक्यावर छोटा चौकोन आला तर ती वस्तू, छपरासारखी खूण आली तर क्रिया, आणि तीच खूण उलटी आली तर ते माणसाचं मत. या तिसऱ्या खुणेवर ब्लिसचा फार जीव. 'चांगलं' आणि 'वाईट' हे शब्द वस्तूच्या गुणासारखे मिरवतात, तिथेच प्रचारकांचं फावतं, असं त्याचं म्हणणं. छावणीतून आलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलकं मानत नाही.

१९७१ साली टोरांटोच्या अपंग मुलांच्या केंद्रात (आजचं हॉलंड ब्लूरव्ह्यू रुग्णालय) शर्ली मॅक्नॉटन ही शिक्षिका आणि तिचे सहकारी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काहीतरी शोधत होते. मुलांसमोर चित्रांचे बोर्ड असत. संडास, पाणी, जेवण, अंथरूण. मूल नजरेनं किंवा थरथरत्या हातानं दाखवी आणि मोठी माणसं ती गरज भागवत. मुलांच्या डोळ्यांत याहून बरंच काही आहे हे शिक्षकांना दिसत होतं, पण ते बाहेर यायला बोर्डावर जागाच नव्हती. जगभरच्या चिन्हांवर एलिझाबेथ हेल्फमन यांचं मुलांसाठीचं एक पुस्तक होतं. त्यात त्यांना ब्लिसची चिन्हं सापडली.

साध्या चित्रांच्या बोर्डावर आपण जे ठेवलं तेवढंच मूल मागू शकतं. ब्लिसचिन्हांत नसलेला शब्द मूल घडवू शकतं. 'बारीक' नसेल तर 'उलट' दाखवायचं आणि मग 'जाड'. 'जोड' नावाची खूण आहे. तिच्या दोन वेढ्यांमध्ये मुलानं स्वतः जुळवलेला शब्द बसतो आणि वाचणाऱ्याला कळतं की हा कोशातला नाही, या मुलाचा आहे. समजा आजोबा रात्री घोरतात, याची चहाडी करायची आहे. आजोबा, झोप, आवाज, मोठा. झाली चहाडी! चहाडी करता येणं, थापा मारता येणं, नको म्हणता येणं हे बोलणाऱ्या पोराला फुकट मिळतं. न बोलणाऱ्याच्या बोर्डावर ते कुणी ठेवत नाही. मी एखादा बोर्ड पाहते तेव्हा पहिल्यांदा हेच शोधते. 'नको', 'थांब', 'मला नाही आवडलं', 'तू चुकलीस' आहे का? नसेल, तर तो बोर्ड सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला आहे.

बातमी सिडनीला पोहोचली. पंचाहत्तरीला टेकलेला ब्लिस टोरांटोला आला आणि आपली चिन्हं वाचणारी मुलं पाहून भारावून गेला. १९७४ मध्ये त्याच्यावर कॅनडात 'मिस्टर सिम्बॉल मॅन' हा माहितीपट झाला. पुढे त्याला ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण तोवर बिनसलं होतं.

मुलं इंग्रजी घरांत राहत होती. आजी, शेजारी, बसचालक, कुणालाही कळावं म्हणून शिक्षकांनी प्रत्येक चिन्हासोबत इंग्रजी शब्द छापला. नाम, क्रियापद, विशेषण अशी शाळेची ओळखीची नावं वापरली. लागतील तशी नवी चिन्हं केली. बरीच मुलं या चिन्हांवरून पुढे इंग्रजी वाचायला शिकू लागली. शिक्षकांच्या लेखी हे यश होतं आणि ब्लिसच्या लेखी ही फितुरी. ज्या शब्दांच्या तावडीतून जगाला सोडवायचं, त्यांच्याचकडे नेणारा पूल म्हणून आपली लिपी वापरतात? त्याचं एक म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरंही होतं. या लिपीत आकार लहानमोठा झाला किंवा वर-खाली सरकला तर अर्थ बदलतो, त्यामुळे हवं तसं काढून चालत नाही. पण तो दुरुस्तीपाशी थांबला नाही. पत्रांमागून पत्रं, तक्रारी, खटल्याच्या धमक्या. अखेर १९८२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी ही चिन्हं वापरण्याचा कायमचा, जगभराचा परवाना टोरांटोच्या संस्थेकडे आला. अरिका ओक्रेंट या भाषाअभ्यासिकेनं २००९ मधल्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की तडजोडीपोटी केंद्रामागच्या धर्मादाय संस्थेनं ब्लिसला एक लाख साठ हजार डॉलर दिले आणि त्यानं ते आपल्या पद्धतीचं पुस्तक छापण्यात घातले. मुलांच्या उपचारासाठी जमलेला पैसा असा गेला. १९८५ मध्ये तो सिडनीत वारला.

मी मॅक्नॉटनच्या बाजूची आहे. लिपी मुलाच्या हाती गेली की मूल ती वाकवणारच, आणि जे साधन वाकत नाही ते घेऊ नये. आजही काही पद्धतींचे पाईक ठरलेल्या पायऱ्या चढल्याशिवाय पुढचा शब्द देत नाहीत. चित्र ओळखलं तरच दुसरं चित्र, बोट नीट दाखवलं तरच बोर्ड. बोलणाऱ्या बाळाशी असं कुणी वागतं का? ते तोंडातून 'त' काढायच्या आधी वर्षभर आपण त्याच्याशी अख्खी वाक्यं बोलत असतो. बोर्डाचंही तसंच व्हायला हवं. आईनं स्वतः बोर्डावर बोट ठेवत बोलायचं, मूल पाहील, कधीतरी उचलेल.

ब्लिसचिन्हं मागे पडली ती सोप्या चित्रांमुळे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉक्सॅना मेयर-जॉन्सन यांनी रेखाचित्रांचा संच काढला. बघताक्षणी कळणारी चित्रं. १९८७ च्या एका अभ्यासातही मुलांना ती ब्लिसचिन्हांपेक्षा सहज ओळखू आली. सफरचंद, कुत्रा, चेंडू यांच्याबाबत हे ठीकच. पण 'उद्या', 'कदाचित', 'आठवण' यांचं बघताक्षणी कळणारं चित्र कोण काढणार? दुकानात संच आपण निवडतो, आपल्याला पटकन कळतो तो उचलतो, आणि नामांनी गच्च भरलेला डबा घरी येतो. दिवसभरात आपण 'सफरचंद' किती वेळा म्हणतो आणि 'अजून', 'हे', 'दे', 'नको', 'चल', 'कुठे' किती वेळा, हे एकदा घरात कान देऊन ऐकावं.

बोर्ड दिला तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती घरोघरी असते. कधी वडीलधारे ती घालतात, कधी डॉक्टरही. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये तोवरचे अभ्यास चाळून पाहिले. भरवशाच्या पद्धतीनं नोंदलेली सत्तावीस उदाहरणं त्यांना मिळाली. बोर्ड किंवा खुणा दिल्यावर एकाचंही बोलणं घटलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं होतं. वाढ बहुतेकदा माफक होती, हेही त्यांनी नोंदवलंय. पण थांबण्याचं कारण त्यात कुठेच नाही.

एका गोष्टीपासून मात्र हात जोडून दूर राहावं. मोठ्या माणसानं मुलाचा हात किंवा दंड धरायचा आणि मुलानं अक्षरांवर बोट ठेवत 'लिहायचं', अशी एक पद्धत १९७० च्या दशकात मेलबर्नमध्ये निघाली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत फोफावली. कधीच न बोललेली मुलं कविता लिहू लागली, असं वाटून आईवडील रडले. मग साध्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला दुसरं. उमटला तो हात धरणाऱ्यानं पाहिलेला शब्द. हात धरणारे खोटारडे नव्हते. आपणच लिहितोय हे त्यांना कळतच नव्हतं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ही पद्धत वापरूच नये असं स्पष्ट सांगितलं. मुलाच्या हातून आपणच बोलत असू, तर मुलाचं बोलणं आणखीच दडपलं जातं. मुंबईच्या मालिनी छिब यांनी आपलं आत्मचरित्र टाइप केलं ते स्वतःच्या एका करंगळीनं. २०१० साली निघालेल्या त्या पुस्तकाचं नावच करंगळीवर आहे. वेळ लागला असेल, पण प्रत्येक अक्षर त्यांचं.

मराठी घरात आणखी एक अडचण आहे. परदेशी संचांची मांडणी आणि रंग बहुतेकदा एडिथ फिट्झगेराल्ड यांच्या पद्धतीवरून आलेले असतात. स्वतः बधिर असलेल्या या अमेरिकन शिक्षिकेनं १९२० च्या दशकात बधिर मुलांना इंग्रजी वाक्य शिकवायला ती आखली. डावीकडे कर्ता, मग क्रियापद, उजवीकडे कर्म. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'मला भाकरी हवी' म्हणायला मुलाचं बोट उजवीकडे जाऊन पुन्हा मधे येतं. ज्याला हात उचलायलाच कष्ट पडतात त्याला हा हेलपाटा कशासाठी? शिवाय 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतला फरक अ‍ॅपच्या आवाजात नसला, तर मुलीला आयुष्यभर मुलगा होऊन बोलावं लागतं.

घरच्या बोर्डाला पैसे लागत नाहीत. पुठ्ठा, वही आणि बोट पुरतं, आणि तो पावसात भिजला तर नवा करता येतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात घडलेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही आहे, आणि त्याच्या कडेला 'आवडतं', 'आवडत नाही', 'हो', 'नाही', 'अजून', 'कमी' ही बटणं कायम असतात. मला ते याच कारणासाठी आवडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत बोलण्याला पूरक आणि पर्यायी अशा साधनांचा समावेश केलाय. म्हणजे शाळेनं बोर्ड दप्तरात ठेवायला लावला, तर पालकांनी कायद्याचं नाव घेऊन तो बाहेर काढायला सांगावा.

आता हवी आहे ती मराठी मुलांच्या तोंडच्या रोजच्या शब्दांची मोजदाद, कोकणातल्या, विदर्भातल्या, पुण्यातल्या अंगणवाड्यांत बसून केलेली, आणि तिच्यावरून क्रियापद शेवटी ठेवणारा बोर्ड. चित्रांसाठी थांबायची गरज नाही. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारनं शिक्षणखात्याच्या पैशातून दहा हजारांहून जास्त चित्रं काढून घेतली आहेत. श्रेय द्यायचं, ती विकायची नाहीत आणि बदलून वाटली तरी याच अटी ठेवायच्या, एवढं पाळून कुणीही घ्यावीत, बदलावीत, वाटावीत. एका प्रांताच्या शिक्षणखात्याला जे जमलं ते आपल्या शिक्षणखात्याला जमायला काय हरकत आहे?