बोगद्यात जीपीएस बंद, मग गाडीचं ठिकाण कसं कळणार?

मुंबईच्या कोस्टल रोडवर गिरगाव ते प्रियदर्शनी पार्कदरम्यान २.०७ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. अशा बोगद्यात उपग्रहांचे सिग्नल पोहोचत नाहीत. एरवी फार तर पुढचं वळण चुकेल. पण आत अपघात झाला, तर रुग्णवाहिकेला नेमकी जागा कळायलाच हवी.

सेन्सर काय करतात?
ॲक्सेलरोमीटर वेगातला बदल मोजतो, जायरोस्कोप वळण. त्यावरून शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून हिशेब पुढे नेणं म्हणजे इनर्शियल नेव्हिगेशन. अडचण अशी, की चूक साठत जाते. ॲक्सेलरोमीटर सतत ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका चुकला, तर दोन मिनिटांत ठिकाण ७२ मीटरनी सरकतं. ताशी ६० किमी वेगाने हा बोगदा पार करायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

रेडिओची मदत कशी होते?
बोगद्यात ठरावीक जागी बसवलेल्या उपकरणाशी गाडीतलं उपकरण संदेशांची देवाणघेवाण करतं. लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणून वेळेची मोजणी अतिशय अचूक लागते. भिंतीवर आपटून आलेली लहर मात्र अंतर जास्त दाखवते.

मग भरवसा कोणावर?
दोघांवर, पण तोलून. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेलं 'काल्मन फिल्टर' हे गणित कोणत्या मोजणीत किती चूक संभवते, हे पाहून दोन्ही एकत्र करतं. दोन संदेशांमधला वेळ सेन्सर सांभाळतात. साठलेली चूक रेडिओ आवरतो.