आधी अंदाज, मग आकडेमोड

एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी पडले? धाराशिव जिल्ह्यात मिलिमीटरची चर्चा पावसाळाभर पारावर चालते. हाच प्रश्न पाचवी-सहावीच्या वर्गात टाकून पाहा. कोणी शंभर लिटर म्हणेल, कोणी दोन हजार. उत्तर आहे सुमारे एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. गुणाकार बिनचूक करणारी मुलेही इथे अडतात, कारण उत्तर शेकड्यात यावे की लाखात, हे त्यांना कधी कोणी विचारलेलेच नसते.

‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे ३१ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. असे आकडे आले की आपल्याकडे उपाय ठरलेला: भागाकारांचा रतीब वाढवा. माझ्या मते दुखणे त्याच्या आधीचे आहे. ८४० भागिले ७ याचे उत्तर १२ आले तरी ज्या मुलाला काही खटकत नाही, त्याला आणखी पन्नास भागाकार देऊन काय होणार?

पावसाकडे परत येऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, अर्थात १०१ चौरस मीटरच्या थोडे वर. तेव्हा गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण शंभर लिटर पाणी पडते, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरावर चार हजार. आता पंचविसाने गुणायला कागद लागत नाही. शाळेच्या मैदानावर दोरी आणि फक्कीने एक गुंठा आखून घ्यावा. सपाट बुडाचा, सरळ भिंतींचा डबा उघड्यावर ठेवावा, सकाळी पट्टीने पाणी मोजावे आणि मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज फळ्यावर लिहावा. आठवड्याभरात अंदाज सुधारू लागतात. शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले, हा पुढचा प्रश्न मुलेच काढतात.

गुंठ्यातला हा १०८९ मोठा खोडकर आकडा आहे. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, फक्त पहिला आणि शेवटचा अंक वेगळे हवेत. समजा ७५२. ती उलटी लिहून मोठीतून लहान वजा करा: ७५२ वजा २५७, उरले ४९५. हे उलटे करून मिळवा: ४९५ अधिक ५९४, झाले १०८९. दुसरी संख्या घेतली तरी तेच. (वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ समजायची.) असे का होते, याचा माग पाचवीतली मुलेही काढू शकतात: वजाबाकी दर वेळी ९९च्या पाढ्यातलीच येते.

असल्या खेळांवर उभे आयुष्य लावणारा माणूस महाराष्ट्रातलाच. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की शेवटी ६१७४ येते, हा त्यांचा शोध. तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिले, तेव्हा कुठे कापरेकर जगभर माहीत झाले. आपल्या भागात कोणी न विसरलेले भूकंपाचे साल घ्या, १९९३. ९९३१ वजा १३९९ बरोबर ८५३२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. चारही अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम येतो. हातच्याच्या वजाबाकीला कंटाळणारी पोरे इथे ‘माझे पाचात आले, तुझे कितीत?’ म्हणत ओळीने सात वजाबाक्या करतात. सक्तीचा स्वाध्याय हे कधी साधणार नाही.

अपूर्णांकांसाठी लांब जायला नको. तुळजापूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आणि दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा. जुन्या शाळांत साडेतीनाचा पाढा असे, त्याला औटकी म्हणत. सोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. घोकंपट्टीचे हसे करताना आपण ही सगळी शिदोरी फेकून दिली, हे मला पटत नाही. घोकणे सोडा, आतली युक्ती ठेवा. सोळा साडेतीन किती? एकाची निमपट, दुसऱ्याची दुप्पट: आठ सत्ते छप्पन्न. भूमकडे खव्याच्या भट्ट्या आहेत. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा धरला, तर साडेतीन किलोला दूध किती? पाच त्रिक पंधरा आणि वर अडीच. भट्टीवरचा माणूस हे कागदाशिवाय सांगतो. त्याला वर्गात बोलावून ‘कसे काढले’ एवढे विचारले तरी एक तास सार्थकी लागेल.

मोठ्या संख्यांसाठी दहा मीटर सुतळी पुरते. एका टोकाला शून्य, दुसऱ्याला एक कोटी. जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या १६,५७,५७६. चिमटा कुठे लावायचा? बरीच मुले मध्याच्या आसपास लावतात. खरी जागा सुरुवातीपासून १ मीटर ६६ सेंटिमीटरवर. एक लाख दहा सेंटिमीटरवर येतो आणि तीन हजार वस्तीचे गाव अवघ्या तीन मिलिमीटरवर. कोटीतली शून्ये मोजून हा फरक डोक्यात शिरत नाही.

मला सर्वांत आवडणारा प्रश्न तेरचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजे आपले तेर, येते. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्याचा व्यापारी लेखक लिहितो. त्याचे खरे मानायचे का? मुलांनी नकाशावर पट्टी ठेवावी. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, पैठण ते तेर सुमारे १५०. म्हणजे दिवसाला साडेसतरा आणि पंधरा किलोमीटर. वाटेची वळणे धरली तर थोडे जास्त. लादलेल्या बैलगाडीला हे झेपते का, हे आजोबांना विचारावे. दोन्ही टप्प्यांचा वेग इतका जवळ यावा, यावरून लिहिणाऱ्याची माहिती पक्की असावी असे वाटते. दिशेत मात्र तो घसरला: तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. मुले हे पकडतात आणि फार खूश होतात. हे करून मग तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहायला न्यावे.

तुळजापुरात कवड्यांना तोटा नाही. चार कवड्या शंभर वेळा टाका, तोंड वर किती पडल्या ते लिहा. नाण्यासारख्या त्या समतोल नसतात, म्हणून आकडे कुठे झुकतात हे आधी ओळखायला मजा येते.

शिक्षकांना एकच विनंती: मुलांचे चुकलेले अंदाज पुसू नका, खऱ्या उत्तराशेजारी दिवसभर राहू द्या. आणि पालकहो, या दिवाळीत चिवडा करताना एक किलो पातळ पोह्यांत पोहे किती असतील, ते मुलांना विचारा. दहा ग्रॅममधले पोहे मोजून शंभराने गुणायचे, हे मात्र तुम्ही सांगू नका; ते त्यांचे त्यांना सुचू द्या.