मोटारीचा विटका पट्टा

मोटारगाडी ही चैनीची वस्तू आहे अशी समजूत धरून जो या विषयाकडे पाहील त्याला तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्याने एकदा आपल्या मिरजगावच्या रस्त्याला उभ्या असणाऱ्या भाड्याच्या गाड्या पाहाव्यात. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या, आणि प्रत्येकीवर कोणाचे ना कोणाचे पोट अवलंबून. अशा गाडीत जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास बसतो, त्याच्या छातीवरचा पट्टा उन्हाने विटून करडा पडलेला असतो. गाडी विकावयाची किंवा पासिंगला न्यावयाची झाली, की मालक म्हणतो, "पट्टा तेवढा काळा करून घे." मग चालक मंडळी मला विचारतात, कशाने काळा करावा? कोणी बूट पॉलिश चोळलेले असते, कोणी कपड्याच्या रंगाची पुडी आणलेली असते. माझे उत्तर असते, कशानेच नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पट्टा करतो काय, हे आधी पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम अडली, तर आत बसलेल्या माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या माणसाच्या वेगाएवढा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवावयाचे, तर सरासरी बाराशे किलो वजनाएवढा जोर लागतो. जेमतेम दोन इंच रुंदीची ती पट्टी हा सगळा भार छातीच्या फासळ्यांवर आणि कमरेच्या हाडांवर वाटून देते. खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा हा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीत नील्स बोलिन या अभियंत्याने सिद्ध केला. त्यापूर्वी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करीत असे. कंपनीने या शोधाचे पेटंट इतर कारखानदारांना खुले ठेवले. भांडवलदारांच्या हातून असे चांगले काम झाले तर ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो! आपल्या देशात पुढच्या आसनांना पट्टे बसवणे १९९४ पासून सक्तीचे झाले. म्हणजे पंचवीस-तीस वर्षे ऊन खाल्लेले पट्टे आज रस्त्यावर आहेत.

हे पट्टे पॉलिएस्टरच्या धाग्यांचे विणलेले असतात. उन्हातील अतिनील किरण प्रथम रंगाचे कण मोडतात आणि पुढे धाग्याचेही बंध तोडू लागतात. काच यांतील बराच भाग अडवते हे खरे. पण आपल्याकडे काच वर करून गाडी हाकणारा चालक किती दिसतो? संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमावलीत पट्ट्याची पट्टी कृत्रिम प्रकाशात ठेवून मग ओढून पाहतात. त्यानंतरही तिची ताकद मूळच्या पाऊणपट तरी राहावी आणि तिने १४.७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाचा ताण सोसावा, असा दंडक आहे. परंतु ती नव्या पट्ट्याची परीक्षा. वीस उन्हाळे काढलेल्या पट्ट्याला पुन्हा कोणी ओढून पाहत नाही.

रंग गेला म्हणजे ताकद गेलीच असे नव्हे. पण ताकद डोळ्यांना दिसत नाही, रंग दिसतो. आत काय झाले असेल याची साक्ष देणारा तो एक साक्षीदार आहे. पट्टा रंगवणे म्हणजे हजेरीपटावर खाडाखोड करणे होय. शिवाय सुती कपड्यांचा रंग पॉलिएस्टरला धरतच नाही. कारखान्यात तो दोनशे अंशांच्या आसपास उष्णता देऊन धाग्यात मुरवतात. घरी बादलीत ते साधत नाही. पॉलिश आणि तेल धूळ धरून ठेवतात, आणि ती कचकच धाग्यांना घासते. ब्लीचिंगने आणि घरगुती रंगाने पट्टा कमकुवत होतो, असा इशारा गाड्यांच्या माहितीपुस्तकांतून दिलेला असतो. पण दुसऱ्या हाताच्या गाडीबरोबर पुस्तक कोठून येणार?

धुणे मात्र अवश्य करावे, कारण पुष्कळ वेळा ज्याला आपण विटणे म्हणतो ते नुसते घामाचे आणि धुळीचे पूट असते. पट्टा डबीतून पूर्ण बाहेर ओढावा आणि परत आत जाऊ नये म्हणून डबीच्या तोंडाशी चिमटा लावावा. कोमट पाण्यात अंगाचा साधा साबण कालवून, मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने घासावे, आडवे घासू नये. पाणी डबीत जाऊ देऊ नये. आत स्प्रिंग आणि अडकवणारी यंत्रणा असते. ओल्या फडक्याने साबण पुसून काढावा, सावलीत पुरता वाळवावा, मगच आत सोडावा. खांद्यापाशी ज्या कडीतून पट्टा फिरतो ती कडीही पुसावी. पट्टा आत जाताना रखडतो त्याचे कारण बहुधा तेथला मळ असतो.

पट्टा असा बाहेर असतानाच एक तपासणी फुकटात होते. जो भाग सदा डबीत गुंडाळलेला असतो त्याला ऊन लागत नाही. तो आणि खांद्यावरचा भाग शेजारी धरावेत. रंगात थोडा फरक असेल तर चिंता नाही. पण उन्हाचा भाग बोटांना ताठर लागला, काठाचे दोरे उपसलेले दिसले, वीण सैल झाली, किंवा हिसका देऊनही पट्टा अडकला नाही, तर त्याला धुऊन उपयोग नाही. डबीसकट नवा बसवावा. जोराच्या अपघातात ताणला गेलेला पट्टाही बदलावा, मग तो दिसावयास कितीही काळा असो. साखर कारखान्यात यारीला लावण्याच्या कापडी पट्ट्यांनाही हाच न्याय लावतात: ताठरला, विटला की कामावरून बाद. तेथे लोखंड उचलावयाचे असते, येथे माणूस धरावयाचा आहे.

खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न शेवटी येतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधल्याचा एक हजार रुपये दंड कायद्याने चालवणाऱ्यावर टाकला. सोबतच्या उतारूने बांधला नाही तरी तोच जबाबदार. गाडी मालकाची, पट्टा मालकाचा, पावती मात्र चालकाच्या नावाने. म्हणून टायर आणि ब्रेकप्रमाणे पट्ट्याचाही खर्च मालकाच्या खात्यावर पडावा, आणि कामाच्या बोलीत तो पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा, असे मी चालकांना सांगत असतो. आणि काढलेला जुना पट्टा भंगारात देण्यापूर्वी कात्रीने मधोमध कापून टाकावा. नाहीतर तो पॉलिश लावून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत जाऊन बसतो.